पाण्यात विरघळणारे खडू: कुठली रेघ ठेवायची, कुठली विरघळवायची

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात ‘पाण्यात विरघळणारे क्रेयॉन द्या’ म्हटलं की बऱ्याचदा काउंटरवर ऑइल पेस्टलची पेटी येते. दुकानदाराची तशी चूक नसते. खडू म्हटला की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात, बालवाडीतला मेणखडू किंवा स्पर्धेत कागद भरून रंगवायचा तेलखडू. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी सुरू झाली की हे खडू दप्तरातून हद्दपार होतात, ट्यूबमधले रंग येतात आणि ‘खरी’ चित्रकला सुरू झाली असं घरचे समजतात.

हा शिक्का जुना आहे. अमेरिकेत १९०३ साली क्रेयोलाची ८ खडूंची पेटी ५ सेंटला मिळू लागली, तेव्हापासून मेणखडू हे मुलांचं सामान झालं. पण त्याच घराण्यातली एक शाखा वेगळ्या वाटेने गेली. जिनिव्हाच्या कारान दाश कंपनीने १९३१ मध्ये पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल आणली, १९५२ मध्ये निओकलर नावाचे मेण-तेलाचे खडू आणले आणि पुढे त्यांची पाण्यात विरघळणारी आवृत्ती काढली. ती निओकलर-२. तिच्यात ८४ छटा आहेत आणि या माध्यमात गंभीरपणे काम करणारे बहुतेक जण तिच्यापाशी येऊन पोचतात.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे माध्यम रेखाटनाचं आहे. त्याला जलरंगाचा सोपा पर्याय समजून जो हात घालतो तो निराश होतो: वॉश (पाण्याने पसरवलेले पातळ रंगाचे थर) चिखलट होतात, रेघा नको तिथे उरतात, हव्या तिथे पुसल्या जातात. खडू आधी रेघ देतो, मग पाणी त्या रेघेचं काय करायचं ते ठरवतं. म्हणून पाण्याचा ब्रश उचलण्याआधी कुठली रेघ कोरडी ठेवायची, कुठली अर्धी सोडायची आणि कुठली पूर्ण विरघळवायची, हे डोक्यात पक्कं हवं. बाकीचं तंत्र सरावाने येतं.

खडू ओळखायचा कसा

पेटीवर ‘वॉटर सोल्युबल’ किंवा ‘अ‍ॅक्वारेल’ हे शब्द शोधा. ‘वॉशेबल’ या शब्दाला फसू नका. वॉशेबल म्हणजे भिंतीवरून आणि कपड्यांवरून निघणारा, मुलांसाठी केलेला खडू. तो पाण्याने थोडा पसरेलही, पण चित्र टिकावं हा त्याचा हेतूच नाही. ऑइल पेस्टल तर पाणी झटकूनच टाकतो.

साधा मेणखडू म्हणजे पॅराफिन मेण आणि रंग. मेणामुळे पाणी त्याच्यावरून ओघळून जातं. विरघळणाऱ्या खडूत असं मेण आणि असे बांधणारे घटक घातलेले असतात की ब्रशचं पाणी लागताच ते मोकळे होतात आणि रंगकण पाण्यात उतरतात. चांगल्या आणि स्वस्त खडूतला फरक इथेच दिसतो. कागदाच्या तुकड्यावर हलक्या दाबाने एक चौकोन भरा, ओल्या ब्रशने दोनदा फिरवा. चांगला खडू गडद, सारखा वॉश देतो. स्वस्त खडू फिकट पाणी सोडतो आणि खाली मेणाचे ओरखडे तसेच राहतात.

निओकलर महाग आहे, त्यात वाद नाही. ८४ ची पेटी भेट मिळाली तर नाकारू नका, पण स्वतःच्या पैशाने घेताना १० किंवा १५ ची पेटी पुरे. सुटे खडू मिळत असतील तर आणखी बरं. माझी यादी अशी: एक उबदार पिवळा, एक यलो ऑकर (मातकट पिवळा), एक बर्न्ट सिएना किंवा त्याच्या जवळचा तांबूस तपकिरी, एक नारिंगीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन (गडद निळा), एक थंड निळा, ऑलिव्ह हिरवा, पेन्स ग्रे (निळसर गडद करडा) आणि पांढरा. काळा घेतलात तर बाजूला ठेवा. पेन्स ग्रेमध्ये बर्न्ट सिएना मिसळून येणारा काळोख जास्त जिवंत असतो.

डरवेंट कंपनीचे इंकटेन्स ब्लॉक, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या कांड्याही याच रांगेत ठेवलेले दिसतात, पण त्यांचा स्वभाव उलटा आहे. पूर्ण विरघळून एकदा वाळले की ते पुन्हा सहसा हलत नाहीत. निओकलर-२ मात्र वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा जागा होतो. दोन्ही एका चित्रात वापरता येतात: खालचा पक्का थर इंकटेन्सचा, वरचा हलणारा थर निओकलरचा. सुरुवातीला एकच घ्या, नाहीतर काय हललं आणि का, तेच कळत नाही.

कागद आणि बाकी सामान

३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस, म्हणजे दाणेदार, जलरंग कागद ही सुरक्षित निवड. त्याच्या दाण्यावर खडू आडवा फिरवला की वरच्या टोकांवर रंग बसतो, खाचा पांढऱ्या राहतात. हा तुटक पोत या माध्यमाची अर्धी कमाई आहे. गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर रेघ धारदार येते आणि जास्त सहज विरघळते, म्हणून चेहऱ्यांच्या किंवा फुलांच्या अभ्यासाला तो बरा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. हातकागदावर काम करायचं असेल तर तावाचा एक कोपरा आधी भिजवून पाहा. खळ कमी असलेला कागद पाणी टिपकागदासारखं शोषतो, रंग आत जातो आणि मग ब्रशने हलवता येत नाही. खळ चांगली असली तर हातकागदाचा दाणा खडूला फार मानवतो.

साध्या स्केचबुकच्या १२०-१५० जीएसएमच्या कागदावर फक्त कोरडं रेखाटन आणि अगदी थोडं पाणी. त्यापुढे गेलात की पान फुगतं.

बाकी सामान थोडकं: ८ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश, अर्धा इंची चपटा ब्रश, दोन बरण्या पाणी, जुना सुती कपडा, मास्किंग टेप, एक ब्लेड किंवा कटर. बाहेर काम करायचं तर पोटात पाणी भरायचा वॉटर ब्रश सोयीचा पडतो, पण तो दाबला की हवं त्यापेक्षा जास्त पाणी सोडतो. मला तो फक्त छोट्या स्केचबुकसाठी आवडतो.

खडूला टोक काढायचं असेल तर कटरने तासा. निघालेले तास टाकू नका, डबीच्या झाकणात जमा करा, त्यांचा उपयोग पुढे येतो. मे महिन्यात खडू मऊ पडतात आणि तासताना चिकटतात. पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवले की नीट कापले जातात.

आधी तक्ता करा

कंटाळा येणारं काम आहे, पण टाळू नका. प्रत्येक रंगाचे तीन चौकोन करा. पहिला कोरडा. दुसऱ्यावर ओला ब्रश एकदाच फिरवा. तिसऱ्यात रंग पूर्ण विरघळवा. तिन्ही शेजारी ठेवले की कळतं, काही खडू पाणी लागताच दुप्पट भडक होतात, तर काही कोरडेपणी छान दिसतात आणि पाण्यात फिके पडतात. काही गडद रंग, विशेषतः निळे आणि किरमिजी, कागदाला असे धरतात की कितीही पाणी फिरवा, रेघ पुरती जात नाही. ही माहिती पेटीवर लिहिलेली नसते आणि दुसऱ्याच्या तक्त्यावरून तुमच्या कागदाचं कळत नाही.

याच कागदाची दुसरी प्रत काढा, प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी काळा कागद काढला की कोणते रंग उडतात ते समोर येतं. गुलाबी आणि जांभळ्यांवर जास्त लक्ष ठेवा, खडूंमध्ये सगळ्यांत आधी तेच विटतात. कंपनीच्या रंगतक्त्यावर प्रकाश-टिकाऊपणाच्या खुणा असतात, त्याही वाचा. स्केचबुकात विटणारा रंग चालतो, कारण वही मिटलेली असते. जे चित्र भिंतीवर जाणार किंवा विकलं जाणार, त्यात तो वापरू नये.

पाणी आणि खडू एकत्र आणायच्या वाटा

सगळ्यांत सरळ वाट म्हणजे कोरड्या कागदावर रेखाटून वरून ओला ब्रश फिरवणं. यात दाब महत्त्वाचा. हलक्या हाताने लावलेला रंग पूर्ण विरघळतो. जोर देऊन काढलेली रेघ दाण्याच्या आत घुसते आणि पाण्यानंतरही दिसते. म्हणजे हाताच्या दाबानेच तुम्ही ठरवता, काय राहणार आणि काय जाणार. ब्रश फिरवताना फिक्याकडून गडदाकडे जा. उलट गेलात तर गडद रंग ब्रशला लागून सगळ्या फिक्या भागात पसरतो. प्रत्येक आकार बदलताना ब्रश धुऊन कपड्यावर टिपा. आणि ब्रश एकाच जागी घासत बसू नका. पाणी एकदा न्यायचं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा ब्रश गेला की रंग मरतो.

दुसरी वाट रेघेशिवायची. ओला ब्रश थेट खडूच्या टोकावर फिरवून रंग उचलायचा आणि कागदावर लावायचा. आकाश, धुकं, गालाची लाली, जिथे रेघ अजिबात नको तिथे हीच पद्धत. बाहेर जाताना पेटी न नेता जाड जलरंग कागदाच्या पट्टीवर सहा-सात रंगांचे दाट ठिपके घासून न्या. तीच तुमची पॅलेट.

तिसरी वाट सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत धोक्याची: खडूचं टोक पाण्यात क्षणभर बुडवून त्यानेच रेखाटणं. रेघ जाड, मऊ, जवळजवळ अपारदर्शक येते आणि वाळली की ठसठशीत राहते. गडद किंवा खाकी कागदावर पांढरा आणि पिवळा खडू असा वापरून पाहा. धोका असा की ही रेघ मागे घेता येत नाही, म्हणून ती शेवटच्या टप्प्यासाठी राखा. टोक फार वेळ बुडवलंत तर लगदा होतो. काम झाल्यावर ते पुसून, वाळवून मगच खडू पेटीत ठेवा. पावसाळ्यात ओला खडू बंद डब्यात राहिला की बुरशी धरायला वेळ लागत नाही.

ओल्या कागदावर कोरडा खडू चालवला की रेघेच्या कडा फुटतात. पाण्यातली प्रतिबिंबं, भिजलेली झाडं यासाठी छान. मघाचे जमवलेले तास ओल्या वॉशवर चिमटीने भुरभुरवा, ठिपक्यांभोवती रंग पसरतो. वाळू, शेवाळ, गंजलेला पत्रा असल्या पोतांना हे कामी येतं. हातचलाखी म्हणून सगळीकडे वापरलंत तर चित्र खरूज झाल्यासारखं दिसतं.

आणखी दोन युक्त्या. साध्या मेणखडूने, हो, त्याच बालवाडीच्या पांढऱ्या खडूने, आधी काही रेघा मारून ठेवल्या तर वरून येणारा वॉश त्यांच्यावर बसत नाही आणि कागदाचा पांढरा शाबूत राहतो. दुसरी म्हणजे खरवडणं: दोन रंगांचे जाड थर एकावर एक द्या, वरचा कोरडा असताना ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडा काढा, खालचा रंग डोकावतो. गवताच्या काड्या, केस, मासेमारीच्या जाळ्यांचे धागे यासाठी याहून सोपं काही नाही.

एक चित्र सुरुवातीपासून: मेणवलीचा घाट

वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा आहे. त्याच्या मागे नदीत उतरणारा काळ्या दगडाचा घाट, दगडी देवळं आणि एका छोट्या घुमटीत टांगलेली मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर तिकडून आलेली पोर्तुगीज चर्चची ही घंटा. कलामहाविद्यालयांच्या कित्येक पिढ्यांनी हा घाट जलरंगात काढला आहे. या खडूंसाठी मी तो निवडतो, कारण त्याचे दोन तुकडे सरळ पडतात: दगड कोरडा, नदी ओली.

कागद पाव शीट, म्हणजे ११ बाय १५ इंच, कोल्ड प्रेस. चारी कडांना टेप लावून बोर्डावर बसवा.

पहिलं काम वहीत, आगपेटीएवढ्या दोन-तीन चौकटींमध्ये. फक्त तीन टोन: फिका, मधला, गडद. त्यातली सगळ्यात बरी चौकट निवडा आणि प्रत्येक आकारावर ‘को’ किंवा ‘ओ’ लिहा, कोरडा आणि ओला. आकाश ओ. नदी ओ. पायऱ्यांचे आडवे भाग को, उभे भाग ओ. झाडं दोन्ही. घुमटीच्या आतला काळोख ओ, तिच्या दगडांचे सांधे को. हा नकाशा समोर ठेवूनच पुढे जायचं.

मोठ्या कागदावर कच्चं रेखाटन शिसपेन्सिलीने करू नका. वरून खडू बसला की शिसं खाली अडकतं, खोडता येत नाही आणि फिक्या रंगांना करडी घाण लागते. यलो ऑकर खडूने अगदी हलकं रेखाटा, पुढे तो विरघळून चित्रातच जिरतो. पायऱ्या एक-एक मोजत बसू नका. वरची कड, पाण्याची कड आणि मधला उतार बरोबर आला की डोळा बाकीच्या पायऱ्या स्वतः भरून घेतो.

आता आकाश आणि पलीकडची झाडी. रंग ब्रशने खडूवरून उचला: आकाशाला थंड निळ्याचा पातळ वॉश, क्षितिजाकडे त्यात ऑकरचा स्पर्श. दूरची झाडी त्याच निळ्यात ऑलिव्ह मिसळून, आकाश दमट असतानाच लावा म्हणजे कडा मऊ राहतात. मग थांबा. पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायरचा मोह आवरा, गरम हवेने मेणकट थर मऊ पडतो. कोरड्या हवेत तो लवकर वाळतो, पावसाळ्यात मात्र तोवर आपला एक चहा पिऊन होतो.

नदीसाठी खडू आडवा धरून, त्याच्या बाजूने, हलके आडवे पट्टे द्या: वर दूरच्या झाडीचा हिरवट करडा, मध्ये आकाशाचा निळा, पायऱ्यांपाशी बर्न्ट सिएना आणि पेन्स ग्रे. प्रतिबिंबांच्या जागी थोड्या उभ्या रेघा. आता चपटा ब्रश पाण्यात बुडवा, एकदा झटका आणि डावीकडून उजवीकडे एका दमात न्या. खाली उतरत पुढचा पट्टा, परत एका दमात. मध्ये एखादी अरुंद पट्टी न भिजवता सोडा, पाण्यावरची चमक तिथून येते. या घडीला हात चळवळ करू लागतो, ‘इथे जरा नीट करू’ म्हणतो. करू देऊ नका.

घाटाकडे या. दगडाला आधी पातळ उबदार करडा वॉश, ऑकर, सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन, तोही ब्रशने उचललेला. वाळला की पेन्स ग्रे खडू आडवा करून पायरीच्या वरच्या सपाट भागावर अलगद घासा. कागदाचा दाणा रंग तुटक धरतो आणि बसाल्टचा खरबरीत पोत आपसूक उमटतो. इथे पाणी अजिबात लावायचं नाही. पायरीच्या उभ्या, सावलीतल्या भागावर तोच खडू जोर देऊन भरा आणि बारीक ब्रशने फक्त तेवढाच भाग विरघळवा. एकाच खडूचे दोन स्वभाव शेजारी-शेजारी आले की पायरीला घडी पडते, ऊन आणि सावली वेगळे होतात. पाण्याला टेकणाऱ्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर शेवाळासाठी ऑलिव्हचा स्पर्श द्या, कड अर्धी विरघळवा.

झाडांसाठी पिवळा, ऑलिव्ह आणि अल्ट्रामरीन अशा तीन खडूंनी पानांच्या पुंजक्यांच्या दिशेने गिरवा, पानं काढू नका. उन्हाच्या बाजूला पिवळा जास्त, आत निळा जास्त. गोल ब्रशने फक्त सावलीची बाजू भिजवा, उन्हाकडची कोरडी राहू द्या. वाळल्यावर टोक बुडवलेल्या गडद तपकिरी खडूने फांद्या, मोजक्याच.

शेवटी काळोख. घुमटीच्या आत पेन्स ग्रे आणि सिएना दाट विरघळवून भरा, घंटेची कड ऑकरच्या ओल्या टोकाने एका रेघेत. दगडांचे दोन-चार सांधे. घाटावर माणूस हवा असेल तर लाल खडूचा एक ठिपका आणि त्याखाली सावली एवढं पुरतं. मग बोर्ड दूर भिंतीला टेकवून पाहा. करावंसं वाटणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या करू नका.

बिघडलं तर

हा खडू वाळूनही पुन्हा ओला होतो हे त्याचं दुखणं आहे आणि औषधही. नको असलेली जागा स्वच्छ ओल्या ब्रशने भिजवा, दहा-पंधरा सेकंद थांबा, कपड्याने दाबून उचला. बराचसा रंग येतो. कागद धरून बसणारे रंग मात्र पुरते निघत नाहीत. तक्त्यातला तिसरा चौकोन तेच सांगत होता.

चिखल झाला असेल तर सहसा दोन कारणं असतात: तीनपेक्षा जास्त रंग एकाच वेळी विरघळवले, किंवा ओल्या थरावर पुन्हा खडू घासला. अशा भागाला आणखी पाणी देऊन सुधारायला जाऊ नका. वाळू द्या आणि वरून कोरड्या खडूने एकच स्पष्ट रंग तुटक पोतात द्या. खालचा मातकटपणा पार्श्वभूमी बनतो आणि बऱ्याचदा चित्र वाचतं.

पांढरा खडू गडद भागावर झाकत नाही, नुसती दुधी झाक देतो. अगदी ठळक उजेड हवा असेल तर गाउश (अपारदर्शक जलरंग) किंवा पांढरा पोस्टर कलर टोकावर लावा. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली तर मुरडू द्या.

टिकवायचं कसं

चित्र पूर्ण झालं तरी त्याला पाण्याची भीती आहेच. ब्रशने लावायचं पाण्याचं व्हर्निश लावलंत तर सगळं विरघळून हलेल. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रावाचा, स्प्रे पातळ थरांत, दोन थरांमध्ये वाळू देत, मोकळ्या हवेत आणि नाकाला मास्क लावून मारा. काही रंग स्प्रेने किंचित गडद होतात, म्हणून आधी तक्त्यावर मारून पाहा. स्प्रेने चित्र जलरोधक होत नाही, बोटांच्या घर्षणापासून थोडं वाचतं इतकंच. खरं संरक्षण काचेचं. फ्रेम करताना जाड माउंट (चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) मागा, म्हणजे काच पृष्ठभागाला टेकणार नाही. मेणकट थर काचेला चिकटतो आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत हे हमखास होतं. त्याच कारणाने चित्रं एकमेकांवर रचून ठेवायची असतील तर मध्ये बटर पेपर घाला, ट्रेसिंग पेपरही चालेल.

चित्राच्या मागे शिसपेन्सिलीने माध्यम स्पष्ट लिहा: ‘पाण्यात विरघळणारे खडू, कागद’. सोबत खडूची कंपनी आणि छटांचे क्रमांक. जलरंग किंवा ऑइल पेस्टल समजून पुढे कुणी त्यावर ओला कापूस फिरवू नये, आणि दहा वर्षांनी एखादा रंग विटला तर तो नेमका कोणता होता हे तुम्हालाही कळावं, यासाठी ती ओळ लागते.